मृणालीची झांज

मित्रांनो, रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावात धोंडूच्या घरी कधी गेलात, तर पडवीत कॅलेंडरशेजारच्या खिळ्यावर एक काळा हेडफोन लटकलेला दिसेल. तो मी. आता मी जुना झालो आहे. मला बघून कुणाला हसू आलं तरी मी रागावत नाही, कारण माझं रूपच तसं झालं आहे. माझ्या एका कानाची गादी जुन्या ब्लाउजच्या अस्तराची शिवलेली आहे, दुसरीला मोज्याचा तुकडा लावलेला आहे. डोक्यावरच्या पट्टीला सायकलच्या हँडलची टेप गुंडाळलेली आहे. पाठीमागे दाभणाने भोकं पाडल्याच्या खुणा आहेत. आतमध्ये काय काय भरलं आणि काय काय काढलं, ते तर विचारूच नका. पण ही दुखणी मला कुणी वाईट मनाने दिलेली नाहीत. ज्याने दिली, त्याने माझ्यावर पोटच्या पोरासारखा जीव लावला. तरीही मी आज खिळ्यावर धूळ खातो आहे, आणि ते कसं झालं हे सांगायचं तर मला माझ्याबरोबर त्याचीही हकिकत सांगावी लागेल.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते सिंगापूरच्या बंदराजवळचं एक अरुंद दुकान. धोंडू तेव्हा एका मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला होता. बोट बंदराला लागली की बाकीचे खलाशी बाजारात भटकायचे. हा मात्र त्या दुकानात शिरला आणि एकामागून एक हेडफोन कानाला लावून बघू लागला. दुकानदार आपली झगमगीत गाणी लावून दाखवत होता. धोंडूने मान हलवली, आपला मोबाईल काढला आणि त्यातलं एकच रेकॉर्डिंग तो प्रत्येक हेडफोनवर ऐकत गेला. दुकानदार कंटाळला, जांभया देऊ लागला. शेवटी माझी पाळी आली. मी कानाला लागलो, आणि धोंडूने डोळे मिटून घेतले. मग त्याचा चेहरा असा काही झाला, की दुकानदाराने पुढचा हेडफोन हातातच ठेवला.

त्या रेकॉर्डिंगमध्ये होतं तरी काय? गणपतीतली घरची आरती. धोंडू बोटीवर, म्हणून गणपतीला घरी नाही, ही गोष्ट त्या घराच्या अंगवळणी पडली होती. त्याची बायको मालन हिच्या भावाने, विनोदने, आरती मोबाईलवर घेतली आणि मालनने त्या मोबाईलमधलं ते एवढंसं मेमरी कार्ड गावातल्याच एका खलाशाबरोबर पाठवून दिलं. तो त्याच बोटीवर चढणार होता. आमच्याकडे ही रीतच आहे. बोटीवर निघालेल्या माणसाच्या बॅगेत त्याचं सामान कमी आणि दुसऱ्यांच्या घरची पुडकीच जास्त. कोकमं, सुका जवळा, मेतकुटाची पिशवी, आणि हरवू नये म्हणून मेतकुटाच्या पिशवीत ते कार्ड. पुढे कितीतरी दिवस त्या मोबाईलला हिंगाचा वास येत असे.

आरतीत सगळ्यांच्या आवाजावर एक झांज वाजते. वाजवणारी धोंडूची लेक मृणाली, तेव्हा दुसरीत शिकणारी. तिचा हात टाळ्यांच्या मागून येतो, प्रत्येक वेळी जरासा उशिरा. एका ठिकाणी ती चुकते, थांबते आणि तिला हसू फुटतं. मग मालनचा आवाज येतो, "वाजव गो बाय, थांबलीस कशाला?" आणि झांज पुन्हा सुरू होते. बस, एवढंच. दुकानातल्या बाकीच्या हेडफोनांत ढोलकी चांगली दणदणत होती, पण झांज पत्र्याच्या झाकणासारखी वाजत होती. माझ्यात ती झांजेसारखी वाजली. आधी ठोका, मग हवेत लांबत जाणारी बारीक धार, आणि त्या धारेत मिसळलेलं पोरीचं हसू. म्हणून धोंडूने मला घेतलं.

आमची बोटीवरची वर्षं चांगली गेली, असं मी म्हणेन. धोंडूच्या कानाचं तिथे नाव होतं. इंजिनावरच्या मापकांचे काटे अजून आपल्या जागी स्थिर असत आणि हा इंजिनसमोर उभा राहून सांगे की अमुक ठिकाणी काहीतरी कुरकुरतंय. उघडून बघितलं की तिथेच दुखणं सापडे. मोठे साहेब पाठ थोपटत. केबिनमध्ये येऊन तो हे सोबत्यांना रंगवून सांगे, आणि मीही भिंतीच्या आकड्याला लटकून ऐकत असे. आपला मालक कानाचा एवढा पक्का, याचा मला फार अभिमान वाटे.

इंजिनरूमच्या दाराशी कान झाकायचे जाड कप टांगलेले असत. दिसायला अगदी माझ्यासारखे, माझे चुलतभाऊच म्हणा ना. फरक एवढाच की त्यांच्यातून काही ऐकू येत नाही. बाहेरचा आवाज आत जाऊ न देणं हेच त्यांचं काम. ते लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. धोंडू ते लावून आत जाई, आणि आत गेला की खाली ओढून गळ्यात घेई. इंजिन बोलत असतं, बोलणाऱ्यासमोर कान झाकून उभं राहायचं नसतं, असं तो म्हणे. वडिलांच्या मचव्यावर पहिलं इंजिन बसलं तेव्हापासून तो कान लावूनच इंजिन ओळखायला शिकला होता, आणि त्याच्या आसपासची सगळी जुनी माणसं ह्याच समजुतीत वाढलेली होती. कप लावणारा माणूस त्यांच्या लेखी कच्चा.

काम संपवून तो केबिनमध्ये आला की मला कानाला लावी. पहिल्यांदा आवाज वाढवावा लागे. कानात अजून शिट्टी वाजतेय, असं तो हसत हसत सांगे. सगळ्यांच्याच कानात वाजे, त्यामुळे कुणी मनावर घेत नसे.

अशी वर्षं गेली. बोट कायमची सोडून धोंडू घरी आला तेव्हा मृणाली कॉलेजला जाऊ लागली होती. ज्या पोरीची झांज त्याने सात समुद्रांवर ऐकली, ती आता ओढणी सावरत एसटीला धावत होती आणि बापाशी बोलताना जराशी बिचकत होती. तिची काही चूक नव्हती. घरात बापच नवा होता. त्यातून तिचा आवाज मुळातच हळू. मालनचा आवाज विहिरीवरून रस्त्यापर्यंत जाई. मृणाली बोलली तर शेजारच्या खोलीतही कळत नसे.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत धोंडूला वाटू लागलं की माझ्यातली झांज मंद झाली आहे. खारी हवा काय करते ते त्याला ठाऊक होतं. पत्रे, बिजागऱ्या, सायकलची साखळी, ती काहीच सोडत नाही. माझ्या पिनेवर हिरवट थर आलाच होता. मग एका रविवारी जेवणं झाल्यावर त्याने पडवीत वर्तमानपत्र पसरलं, बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मला उघडलं.

खरं सांगतो, त्या दिवशी माझी घाबरगुंडी उडाली होती. मोठमोठे बोल्ट फिरवणारे ते हात, आणि माझ्या आतल्या तारा केसाएवढ्या. पण हात हलका होता. त्याने माझी पिन समई उजळतात तशी चिंचेने घासली, स्वच्छ पुसून कोरडी केली. ढिली झालेली तार पुन्हा सोल्डर केली. माझ्यात एक जन्मजात खोट होती, ती त्याने नेमकी पकडली. माझ्या वाट्या प्लॅस्टिकच्या, त्यामुळे जाड आवाज आत घुमायचा, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. धोंडूने परसातल्या सावरीचा कापूस पिंजून दोन्ही वाट्यांत पसरला. थोडा घातला, ऐकून बघितलं. जास्त झाला, काढला. आवाज काढणाऱ्या माझ्या आतल्या पडद्यामागच्या छिद्रांवर जखमेला लावायची कागदी पट्टी चिकटवली, ती अर्धी कापून पुन्हा ऐकलं. फाटलेल्या गाद्यांच्या जागी नव्या शिवल्या. चहा दोनदा गार झाला, मालन दोनदा चिडली.

आणि काय सांगू मित्रांनो, मी सुधारलो! घुमणं गेलं. ढोलकी वेगळी, टाळ्या वेगळ्या, माणसांचे आवाज वेगळे असे सगळे सुटे सुटे ऐकू येऊ लागले. मृणालीने मला कानाला लावलं आणि किती छान वाटतंय म्हणाली. ही बातमी वाडीत पसरली. कॉलेजची पोरं आपापले हेडफोन दुरुस्तीला घेऊन येऊ लागली. देवरूखच्या शाळेत गाणं शिकवणाऱ्या मथुराबाई एकदा पाहुण्या म्हणून आल्या, त्यांनी माझ्यावर आपल्या मोबाईलमधलं एक गाणं लावून डोळे मिटले आणि तंबोरा इतका मोकळा आपण दुकानातल्या नव्या हेडफोनवरही ऐकला नाही असं सांगितलं. माझ्या आयुष्यात इतकं कौतुक मी आधी ऐकलं नव्हतं आणि पुढेही ऐकणार नव्हतो.

एकटा धोंडू तेवढा खूश नव्हता. सगळे गेले की तो आरती लावून बसे आणि कपाळाला आठी घालून स्वतःशीच विचारी, झांज कुठाय?

झांज माझ्यात होती. पूर्वीपेक्षाही स्वच्छ होती. मी ती जशीच्या तशी त्याच्या कानाच्या दाराशी नेऊन ठेवत होतो. दार आतून उघडत नव्हतं. हे मला कळत होतं आणि मला ते सांगता येत नव्हतं. दुसऱ्याने बोललेलं पोहोचवणं एवढंच माझ्या हाती. स्वतःचं एक अक्षर मला बोलता येत नाही, आणि त्याचं दुःख मला त्या दिवसांइतकं कधी झालं नाही.

धोंडूची हयात इंजिनरूममध्ये गेली होती. तिथे आवाजात फरक पडला तर बिघाड यंत्रात असतो, ऐकणाऱ्यात नसतो. यंत्र उघडायचं, शोधायचं, दुरुस्त करायचं. तो त्याच शिस्तीने माझ्या मागे लागला. झांज अडतेय म्हणून त्याने कापूस काढला. मग पडद्यापुढचा स्पंज काढला. मग कागदी पट्ट्या सोलल्या. तरीही झांज येईना, तेव्हा दाभण तापवून माझ्या वाट्यांना पाठीमागून भोकं पाडली. प्रत्येक वेळी क्षणभर त्याला वाटे, आली, आणि मग पुन्हा खांदे पडत. मी रोज आणखी कर्कश होत होतो. मृणालीची ती गोड झांज माझ्यातून आता किंचाळत बाहेर पडत होती आणि माझ्या मालकाला ती मंद वाटत होती. "बघ गं, कशी वाटते," एवढं त्याने घरात कुणाला विचारलं असतं तर सगळा उलगडा झाला असता. पण ज्याचा कान बोटीवर नावाजलेला, तो दुसऱ्याचा कान उसना कसा घेणार? आणि बाकीच्यांनी मला हातात घेणं सोडूनच दिलं होतं. पोरं आता बिनवायरीचे दाणे कानात घालून फिरत होती. माझ्यासारख्या ठिगळवाल्याला कोण विचारतो.

घरात मी बदनाम मात्र झालो. मालन स्वयंपाकघरातून हाक मारी. उत्तर नाही. पुन्हा मारी. उत्तर नाही. मग ती पदर खोचून पडवीत येई आणि सुरू होई, "आवो, ता कानावरचा काढा आधी. ता लावलं की तुम्हाला जगाची शुद्ध नसते." आता तुम्हीच न्याय करा. कितीतरी वेळा मी त्या वेळी खिळ्यावर असे! धोंडू पाठमोरा बसून जाळ्याची गाठ मारतोय, मी भिंतीवरून बघतोय, आणि बोलणी मला. रागाच्या भरात ती दारातूनच बोलून माघारी वळे, त्यामुळे कानावर काही आहे की नाही हे तिच्या ध्यानातही येत नसे. कुणीही मान वर करून खिळ्याकडे बघितलं नाही.

मग एक दिवस विनोद आला. चारचौघांत त्याने धोंडूला काहीतरी विचारलं, धोंडूने भलतंच उत्तर दिलं. विनोद म्हणाला, "भावोजी, बहिरे झालात की काय?" सगळे हसले. धोंडूही हसला. पण संध्याकाळी पाहुणे चहाला बसले तेव्हा त्याने मला खिळ्यावरून काढलं, कानाला लावलं आणि माझी पिन सदऱ्याच्या खिशात सोडली. मोबाईल आत कपाटावर होता. मी कशालाच जोडलेला नव्हतो.

त्या दिवसापासून हेच माझं काम झालं. हेडफोन लावलेल्या माणसाने उत्तर दिलं नाही तर लोक त्याला बेफिकीर म्हणतात, बहिरा म्हणत नाहीत. धोंडूने बेफिकीर म्हणवून घ्यायचं पत्करलं. सकाळी अंघोळ झाली की मी त्याच्या कानावर आणि पिन खिशात. बंदरावर जाताना, दुकानात, शेजाऱ्यांकडे. पूर्वी मी त्याला दूरच्या घरचा आवाज आणून देत होतो. आता घरात बसून मी त्याच्यासाठी काहीच आणत नव्हतो, नुसता त्याच्या कानांवर पांघरूण होऊन बसलो होतो. ह्या कामाची मला फार लाज वाटे.

गेल्या मे महिन्यात मृणालीला स्थळ आलं. जयगडकडची माणसं. मुलगा बोटीवर, तरुण, चांगल्या हुद्द्यावर. धोंडूला तो पसंत पडला यात नवल नाही. बंदरांची नावं घेत दोघं गप्पा मारत बसले. बोलला मुलगाच जास्त, धोंडू त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवत होता. रविवारी पुन्हा येतो, तेव्हा काय ते सांगा, असं म्हणून पाहुणे गेले.

शनिवारी दुपारी धोंडू मागल्या पडवीत माडांकडे तोंड करून बसला होता. मी कानावर, पिन खिशात. मृणाली आली आणि त्याच्या मागे खांबाला धरून उभी राहिली. आई आत तांदूळ निवडत बसली होती, म्हणून ती नेहमीपेक्षाही हळू बोलली.

"बाबा, मला बोटीवरचा नवरा नको. मुलगा वाईट नाही. पण मी तुमची वाट बघत मोठी झाले. आता आणखी कुणाची वाट बघत आयुष्य नाही काढायचं मला. आईला सांगायची हिंमत होत नाही. तुम्ही त्यांना नाही म्हणून सांगाल ना?"

तिचा शब्द न् शब्द माझ्यावर येऊन आदळला. माझी पिन मोबाईलला असती तर मी जीव तोडून काहीतरी केलं असतं, असं उगाच वाटतं. धोंडूला पायाशी सावली हललेली दिसली. तो वळला, लेक उभी आहे हे बघून त्याला बरं वाटलं, आणि तो हसून म्हणाला, "बरं, बरं." हे उत्तर तो अलीकडे सगळ्यांनाच देत असे. मृणालीचे डोळे भरून आले. आपल्या बापाला आपलं म्हणणं वाद न घालता पटलं, असं तिला वाटलं. ती आत गेली तेव्हा तिची पावलं हलकी होती.

रविवारी पाहुणे आले. धोंडू त्या दिवशी मला खिळ्यावर ठेवून, नवा सदरा घालून बसला. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर त्याने स्वतः उठून मुलाच्या वडिलांच्या हातात नारळ ठेवला आणि आमच्याकडून होकार आहे असं मोठ्या आवाजात सांगितलं. मृणाली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मी समोरच्या भिंतीवर होतो, मला तिचा चेहरा सरळ दिसत होता. तो मला आजही विसरता येत नाही.

त्यानंतर तिने बापाशी बोलणं सोडलं. ताट वाढी, चहा देई, पण तोंडातून शब्द नाही. मालनच्या हे लक्षात आलं, शेजारच्या गंगाकाकींच्याही आलं. धोंडूच्या मात्र लक्षात आलं नाही, कारण त्याच्या लेखी घर कधीच गप्प झालेलं होतं.

साड्या बघायला जायचा दिवस ठरला, आणि त्याच्या आदल्या दुपारी मृणालीचा बांध फुटला. धोंडू तसाच माडांकडे तोंड करून बसला होता. ती मागून म्हणाली, बाबा, तुम्ही ऐकलं होतं ना? मग असं का केलंत? उत्तर नाही. तिने पुन्हा विचारलं, ह्या वेळी रडत. उत्तर नाही. तेव्हा ती तीरासारखी पुढे आली आणि तिने मला दोन्ही हातांनी धरून त्याच्या डोक्यावरून ओढून काढलं. माझी वायर ताणली गेली, खिशातून पिन निसटली आणि जमिनीवर टक्कन आपटली.

दोघंही त्या पिनेकडे बघत राहिले. धोंडूचा हात रिकाम्या खिशावर गेला. चोरी पकडली गेल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला होता, आणि मला वाटलं, आपण दिसेनासे व्हावं.

मृणालीने पिन उचलली. तिच्या मोबाईलमध्ये ती आरती होती, बाबांचं जुनं कार्ड बिघडायला लागलं तेव्हा तिनेच ती उतरवून घेतली होती. तिने मला जोडलं, कानाला लावलं आणि आरती सुरू केली. पहिलीच झांज वाजली आणि तिने चटका बसल्यासारखं मला कानांपासून लांब केलं. मग तिने मला उलटंपालटं केलं. भोकं बघितली, रिकाम्या वाट्या बघितल्या. ती हुशार मुलगी आहे. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"मना झांज येत नाय गो बाय," धोंडू म्हणाला. किती मोठ्याने बोलतोय हे त्याचं त्याला कळत नव्हतं. आतून मालन बाहेर येऊन उभी राहिली. "हाच बिघडला असंल म्हणून मी ह्यालाच उघडत बसलो."

मृणाली त्याच्या समोर जमिनीवर बसली. त्याचे गुडघे धरले, आणि त्याला आपलं तोंड दिसेल असं बघून, एकेक शब्द सुटा करत, शनिवारचं सगळं पुन्हा सांगितलं. तो तिच्या ओठांकडे बघत होता. मधे दोनदा त्याने हाताने थांबवून पुन्हा म्हणायला लावलं.

"मना ऐकू आलं असतं तर मी नारळ दिला नसता," तो म्हणाला. "उद्या जातो मी जयगडला."

दुसऱ्या दिवशी तो मला न घेता गेला. तिथे काय झालं ते त्याने परत आल्यावर मालनला सांगितलं म्हणून मला कळलं. त्याने कुठलीही सबब पुढे केली नाही. पोरीने आधीच नको म्हटलं होतं, मला ऐकू आलं नाही, मी बहिरा झालोय, दोष माझा, असं त्याने भरल्या घरात सांगितलं. जी गोष्ट लपवायला त्याने मला इतके दिवस कानावर वागवलं, ती त्याला परक्यांच्या ओटीवर उभं राहून बोलावी लागली. ती माणसं भडकली. दिलेला शब्द फिरवला, असं गावात अजून म्हणतात. मालन कितीतरी दिवस बापलेक दोघांशीही धड बोलत नव्हती.

शहरातल्या कानाच्या डॉक्टरांनी धोंडूला तपासलं. इंजिनाच्या आवाजाने कान हळूहळू गेले आहेत, बारीक आवाज आधी जातात, आणि गेलेलं परत येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कानात घालायचं यंत्र दिलं. त्याने समोरच्याचं बोलणं कळतं, पण भांड्यांचा खडखडाटही कळतो, म्हणून धोंडू ते मृणाली घरी असली की घालतो आणि ती बाहेर पडली की काढून ठेवतो. झांज त्या यंत्रातून येते ती दुकानातल्या त्या दुसऱ्या हेडफोनांसारखीच. पत्र्याचं झाकण.

एक दिवस त्याने मला पुन्हा उघडलं. ह्या वेळी मृणाली समोर बसली होती. त्याने भोकं बुजवली, सावरीचा कापूस परत पसरला, आणि दर वेळी तिने ऐकून हाताने दाखवलं, अजून थोडा, आता बस. मी पुष्कळसा पूर्वीसारखा झालो. मग त्याने मला पुसून खिळ्यावर ठेवलं. तेव्हापासून मला कुणी काढलेलं नाही.

ह्या वर्षी गणपतीत मृणालीने तीच जुनी झांज हातात घेतली आणि मुद्दाम बापाच्या समोर उभी राहिली. माणसं खूप होती, आवाज मिसळत होते, म्हणून धोंडूने यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. तो तिच्या हातांकडे बघून टाळ्या वाजवत होता, प्रत्येक वेळी जरासा उशिरा. मृणालीच्या ते लक्षात आलं. तिचे हात थांबले, आणि हसू काही आलं नाही. धोंडूने ते थांबलेले हात बघितले. इतकी वर्षं माझ्यातून ऐकून ऐकून त्याला पाठ झालेलं होतं तेच तो मोठ्याने म्हणाला, "वाजव गो बाय, थांबलीस कशाला?"

ती वाजवू लागली. मालनने तोंड देवाकडे फिरवलं. मला खिळ्यावर ती झांज ठोक्यापासून धारेपर्यंत सगळी ऐकू येत होती.

मित्रांनो, मला चार स्क्रू आहेत. मी बिघडलो तर मला उघडता येतं, चुकून जास्त उघडलं तर पुन्हा भरता येतं. तुमच्या कानांना स्क्रू नाहीत. माझा आवाज वाढवायच्या आधी, आणि मोठ्या आवाजाच्या जागी उभं राहायच्या आधी, माझ्या त्या कान झाकणाऱ्या मुक्या चुलतभावांची आठवण ठेवा. माझी काळजी नाही घेतलीत तरी चालेल. आणि घरातलं कुणी कानाला हेडफोन लावून गप्प बसलेलं दिसलं, तर लगेच रागावू नका. आधी वायरीचं दुसरं टोक कुठे आहे, तेवढं बघा.